पाठीमागे सूर्य, समोर सुकती : एका एकांकिकेच्या पडद्याचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेनं विज्ञान एकांकिका बसवायला घेतली होती. गोष्ट अशा ग्रहावर घडते जिथे सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही, कायम क्षितिजालगत एकाच जागी असतो. माणसं उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरच्या अरुंद पट्ट्यात राहतात. या पट्ट्यातल्या समुद्रकाठाचा मागचा पडदा शाळेला हवा होता : २० फूट बाय १२ फूट, फ्लेक्सवर छापलेला. चित्र एआयकडून काढून घ्यायचं हे शाळेत आधीच ठरलं होतं. एवढा मोठा पडदा हातानं रंगवायला चित्रकलेच्या बाईंकडे वेळ नव्हता आणि बाजारात मिळणाऱ्या तयार चित्रांत पृथ्वी, चंद्र आणि मंगळ यांपलीकडे काही नव्हतं. मी छपाईच्या धंद्यात आहे आणि ही साधनं रोज वापरतो, म्हणून काम माझ्याकडे आलं.

हे सगळं सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. विज्ञानकथेसाठी एआयनं काढलेली बहुतेक चित्रं एकाच घरातली भावंडं वाटतात, आणि ती तशी का होतात याचं उत्तर या एका पडद्यापुरतं आम्हाला सापडलं. परकं जग विशेषणांनी उभं राहत नाही. उजेड कुठून येतो, पाणी कशामुळे हलतं, कुठे काय वाढू शकतं, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की त्या जगाशी जुळणारी जागा आपल्याच किनाऱ्यावर सापडू शकते.

आधी आलेली चित्रं

मुलांनी मिळून वर्णन लिहिलं होतं : परक्या ग्रहावरचा अद्भुत समुद्रकिनारा, गूढ संध्याकाळ, भव्य आकाश. त्याचं इंग्रजी करून आम्ही दोन-तीन साधनांना दिलं. प्रत्येकानं जवळपास एकच चित्र दिलं. जांभळं आकाश, त्यात निम्मं आकाश व्यापणारा कडीवाला ग्रह, दोन चंद्र, सुळक्यांसारखे खडक, मधोमध पाठमोरा अंतराळवीर आणि समोर पाण्यावर सोनेरी पट्टा ओढणारा मावळता सूर्य. वर्णनात 'कोकण' घातलं तेव्हा पांढरी वाळू, वाकलेले माड आणि केरळातल्या हाऊसबोटीसारख्या बोटी आल्या. मुलं आधी हरखली. चार-सहा चित्रांनंतर त्यांच्याच लक्षात आलं की अंतराळवीर जागचा हलत नाहीये.

याचं कारण या यंत्राच्या घडणीत आहे. स्टेबल डिफ्युजनसारखं मॉडेल नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि एकेका पायरीनं तो गोंधळ साफ करत चित्राकडे येतं. कुठल्या दिशेनं साफ करायचं हे त्याला आपल्या शब्दांवरून कळतं, आणि शब्दांचा अर्थ त्यानं इंटरनेटवरच्या चित्रं आणि मथळ्यांच्या जोड्यांवरून शिकलेला असतो. या कामासाठी गाजलेल्या लायन-५बी या साठ्यात ५८५ कोटी जोड्या होत्या. 'परका ग्रह' असा मथळा ज्या चित्रांखाली असतो ती बहुतांशी पोस्टरं, खेळांची मुखपृष्ठं आणि वॉलपेपर. 'अद्भुत', 'गूढ', 'भव्य' हे शब्दही त्याच चित्रांखाली असतात. म्हणजे विशेषण वाढवलं की यंत्र त्याच गर्दीच्या आणखी मधोमध जातं. नकाराचंही तसंच. वर्णनात 'चंद्र नको' लिहिलं तरी 'चंद्र' हा शब्द आत जातोच, आणि पुष्कळदा चंद्र येतो. त्यासाठी वेगळी नकारयादी द्यावी लागते. आम्ही तीत अंतराळवीर, कडी, सुळके, जांभळा रंग असं सगळं भरलं. अंतराळवीर गेला, पण चित्र पोकळच राहिलं. काय नको ते आम्ही सांगितलं होतं. काय हवं ते आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं.

ग्रहाचा हिशोब

इथे विज्ञानाच्या सरांनी काम हातात घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : खरा ग्रह निवडू, म्हणजे भांडायला आकडे मिळतील. निवड झाली ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याची. कुंभ राशीच्या दिशेला सुमारे ४० प्रकाशवर्षांवर हा लहानसा लाल बटू तारा आहे, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या मापाचे सात ग्रह फिरतात हे फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर झालं. आतून चौथा ग्रह 'ई'. त्याचं वर्ष ६.१ दिवसांचं. ताऱ्याच्या इतका जवळ असल्यामुळे त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असावी, जशी चंद्राची एक बाजू कायम आपल्याकडे असते. नाटकाला हवं होतं ते हेच. त्या ग्रहावर हवा आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, पण हवा आणि समुद्र गृहीत धरायची मुभा गोष्टीला असतेच.

मग फळ्यावर गणितं झाली. तारा सूर्यापेक्षा कितीतरी लहान, पण इतका जवळ की ई वरून तो आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल. त्याचं तापमान २,६०० केल्विनच्या जवळपास, म्हणजे जुन्या काचेच्या बल्बमधल्या तारेएवढं. हे ऐकताच बाईंनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं : उजेड रक्तासारखा लाल नाही, पिवळ्या बल्बचा. लाल बटू म्हटलं की चित्रं लालभडक निघतात. या एका वाक्यानं आमची रंगसंगती बदलली.

शेजारच्या ग्रहांचा हिशोब त्याहून उद्बोधक निघाला. ई च्या बाहेरचा ग्रह 'एफ' सर्वांत जवळ येतो तेव्हा साधारण १४ लाख किलोमीटरवर असतो. त्याचा आकार पृथ्वीपेक्षा किंचित मोठा. कोन काढला तर आकाशात तो जवळपास आपल्या चंद्राएवढा दिसतो, त्याहून मोठा नाही. निम्मं आकाश व्यापणारा ग्रह गेला. नाटक बसवणाऱ्या मुलांचा चेहरा पडला, ते साहजिकच होतं. मला मात्र हा टप्पा फार मोलाचा वाटला, कारण चंद्राएवढा दिसणारा आणि ज्याच्यावर ढग असू शकतात असा दुसरा ग्रह पोस्टरवरच्या राक्षसी गोळ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह असतो. चेस्ली बोनस्टेल या अमेरिकन चित्रकारानं १९४४ साली 'लाइफ' साप्ताहिकात शनी त्याच्या वेगवेगळ्या चंद्रांवरून कसा दिसेल याची चित्रं छापली, तेव्हाही प्रत्येक ठिकाणाहून शनी किती मोठा दिसेल याचा कोन काढूनच ती केली होती. टायटनवरचं आकाश त्यानं निळं रंगवलं, ते पुढे चुकीचं ठरलं. तिथे दाट नारिंगी धुकं आहे. पण मापं हिशोबातून आली होती, म्हणून आजही ते चित्र जागा असल्यासारखं वाटतं.

भरतीचा प्रश्न

पडद्याला खरं वळण मिळालं ते आठवीतल्या एका मुलीच्या प्रश्नानं. तिच्या घरी मासेमारी. ती म्हणाली, "सर, सूर्य हलणाच नाय, मगे थय भरती कशी येतली?"

प्रश्न अगदी नेमका होता. आपल्याकडे पृथ्वी फिरते म्हणून चंद्र-सूर्यानं ओढलेला पाण्याचा फुगवटा आपल्या किनाऱ्याखालून सरकत जातो आणि दिवसातून दोनदा भरती येते. ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे असेल तर ताऱ्यानं आणलेला फुगवटा जागच्या जागी गोठलेला. पाणी एका पातळीला आलं की तिथेच. भरती-ओहोटी नसलेला समुद्र म्हणजे एक प्रचंड तळं, आणि मुलांनी चित्रात खडपं, चिखल, खेकडे असं सगळं मागितलं होतं.

सरांनी उत्तर शेजारच्या ग्रहांत शोधलं. एफ जवळून जातो तेव्हा त्याची भरती आणणारी ओढ किती? वस्तुमान घ्यायचं आणि अंतराच्या घनानं भागायचं. उत्तर आपल्या चंद्राच्या ओढीच्या पावणेदोन पट आलं. आतला ग्रह 'डी', तो जवळून जाताना साधारण दीडपट. म्हणजे भरती-ओहोटी आहे, फक्त तिचं घड्याळ वेगळं. डी आणि ई यांची गाठ सुमारे १२ दिवसांनी पडते, ई आणि एफ यांची १८ दिवसांनी. ३६ दिवसांत आतला शेजारी तीनदा भेटून जातो, बाहेरचा दोनदा. गाठ पडली की एक-दोन दिवस ओढ जोरात, मग बरेच दिवस पाणी जवळपास शांत.

आता मुख्य गोष्ट. गाठ पडते तेव्हा तारा, ई आणि शेजारी एका रेषेत असतात. फुगवटा त्या रेषेवर, म्हणजे भर उजेडाच्या आणि भर अंधाराच्या बाजूला. सीमेवरचा पट्टा रेषेला काटकोनात, तिथलं पाणी खेचलं जाऊन कमी होतं. किनाऱ्याचा आकार आणि खोली बाजूला ठेवून केलेला हा साधा हिशोब आहे, पण नाटकाला पुरेसा आहे. आमच्या माणसांच्या गावात शेजारी ग्रह भेटायला आला की सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. डी येतो तेव्हा तो ताऱ्याच्या बाजूला, झगझगाटात दिसतच नाही, तरी पाणी उतरतं. एफ येतो तेव्हा ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध क्षितिजावर पूर्ण उजळलेला दिसतो, आणि पाणी उतरतं. मुलांनी संहितेत लगेच बदल केला : 'दिसणारी सुकती' आणि 'न दिसणारी सुकती'. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तसा त्या गावातल्या म्हातारीचा बारा-अठराचा हिशोब नाटकात आला. माझ्या मते संपूर्ण एकांकिकेतला तो सर्वांत जिवंत प्रसंग आहे.

चित्रासाठी यातून तीन अटी निघाल्या. एफ पूर्ण उजळलेला समोर हवा, म्हणजे तारा आपल्या पाठीमागे हवा. सावल्या आपल्यापासून दूर, त्या ग्रहाच्या दिशेनं पळत जायला हव्यात. आणि पाणी उतरलेलं हवं.

आता पहिल्या चित्रांकडे परत बघा. समोर मावळता सूर्य, त्याच्याच शेजारी पूर्ण उजळलेला मोठा ग्रह. दोन्ही एकत्र शक्यच नाही. सूर्य समोर असेल तर त्याच्या शेजारी दिसणारा जवळचा ग्रह आपल्याला काळा किंवा कोरीएवढा दिसेल. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या शेजारी कुणी पाहिलेला नाही. पण लोक मावळतीचे फोटो सूर्याकडे तोंड करून काढतात आणि यंत्र त्या फोटोंवर वाढलेलं आहे, म्हणून 'संध्याकाळ' म्हटलं की ते सूर्य समोरच ठेवतं. पाठीमागून उजेड येणारी संध्याकाळ शब्दांनी मागून पाहिली. मिळाली तीही अर्धवट : खडक समोरून उजळलेले आणि सावल्या तरी आपल्याकडे आलेल्या.

पौर्णिमेची संध्याकाळ

शब्दांनी होत नाही म्हटल्यावर चित्राचा सांगाडाच बाहेरून द्यायचं ठरलं, आणि तो कुठून घ्यायचा हे त्याच मुलीनं सांगितलं. पौर्णिमेला संध्याकाळी खाडीवर चला. तिचा हिशोब असा : पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट केली की सव्वाअकराची भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमाराला सुकती. आपला समुद्र पश्चिमेला. खाडीच्या तोंडाशी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की सूर्य पाठीमागे, समोर पूर्वेला चंद्र वर येतोय, आणि पाणी उतरलेलं. तिन्ही अटी एका जागी, एका वेळी. ४० प्रकाशवर्षांवरच्या पट्ट्यासाठी केलेली मांडणी आपल्याकडे दर पौर्णिमेला होते, याचा आनंद सरांना सर्वांत जास्त झाला, कारण गणित तेच आहे : चंद्र क्षितिजावर, पाणी खाली.

वाघोटण खाडीच्या काठी मोबाइलवर फोटो काढले. समोर उघडं पडलेलं खडप, त्यापुढे चिखल, कडेला तिवर आणि कांदळ या खारफुटीची रांग, मागे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार, सपाट कापल्यासारखा. जांभ्याबद्दल सरांची टिप्पणी इथे लिहून ठेवावीशी वाटते. उष्ण आणि ओल्या हवेत लाखो वर्षं खडक झिजतो, पाण्याबरोबर बाकीचं निघून जातं आणि लोहाची, ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोह असलेला खडक, ऊब आणि पाऊस दुसऱ्या ग्रहावर असतील तर असा सडा तिथे असायला हरकत नाही. सुळके असण्यापेक्षा तर नक्कीच जास्त पटतं.

यंत्राबरोबरचं काम

फोटोवरून खोलीचा नकाशा काढता येतो. जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं राखाडी. रंग, पोत काही नाही, फक्त कुठली वस्तू किती अंतरावर. कंट्रोलनेट नावाची जोड २०२३ पासून उपलब्ध आहे. ती हा नकाशा मॉडेलपुढे धरते आणि चित्र त्याच सांगाड्यावर चढतं. खाडीचं वळण, सड्याची आडवी रेघ, खडपाच्या पायऱ्या अशा जागेवर राहिल्या.

उजेडासाठी मात्र नकाशा पुरत नाही, फोटोच आत द्यावा लागतो. फोटोवर किती ठिपके चढवून मॉडेलला साफ करायला द्यायचे याचा एक आकडा असतो, शून्य ते एक. ठिपके साफ करत जाण्याच्या या पद्धतीत, म्हणजे डिफ्युजनमध्ये, चित्राची मोठी मांडणी आणि उजेडाची दिशा सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरते, बारकावे शेवटच्या पायऱ्यांत. आकडा ०.३ ठेवला की देवगडचाच फोटो नारिंगी काचेतून पाहिल्यासारखा मिळायचा. ०.८ ला गेलं की फोटो पुसला जाऊन पोस्टर परत यायचं, कधी कधी सूर्यसुद्धा समोर हजर व्हायचा. ०.५ च्या आसपास जागा ओळखीची राहायची आणि गोष्टी बदलायच्या. आमचं सगळं काम त्या अरुंद जागेत झालं.

वर्णनही बदललं. विशेषणं काढून टाकली. बल्बच्या रंगाचा उजेड, पाहणाऱ्याच्या पाठीमागून, क्षितिजालगत, ओला लोहयुक्त खडक, काळपट पानं, समोर क्षितिजावर लहान, पूर्ण उजळलेला, ढगाळ ग्रह, माणूस नाही. बस. लांबलचक वर्णनाचा उपयोग नसतो हेही सांगायला हवं. या मॉडेलचा शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकड्यांपलीकडचं वाचत नाही, त्यामुळे महत्त्वाचं आधी लिहावं.

पानं काळपट का, यावर बाईंशी चांगली चर्चा झाली. तांबूस-पिवळ्या उजेडात निळा भाग फार थोडा. तिथली झाडं मिळेल तो उजेड शोषून घेण्यासाठी गडद, जवळजवळ काळी असतील असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यंत्र मात्र पानं एकतर पोपटी करायचं किंवा निऑन जांभळी. बाईंनी कांदळाचं पान पिवळ्या बल्बखाली धरून मुलांना दाखवलं. हिरवा मळून तपकिरीकडे झुकतो. तो रंग त्यांनी कागदावर लावून दिला आणि आम्ही पानांना तोच दिला.

खरी बारीक कारागिरी खडपात होती. फोटोत कालवांचा पांढरा पट्टा होता, भरतीच्या रेषेखाली दिसतो तसा कोरडा आणि खरखरीत. चित्रातही तो उतरला होता आणि दिसायला छान होता. मुलीनं आक्षेप घेतला. तिथे पाणी बारा-अठरा दिवसांनी एकदा उतरतं, एरवी ही जागा पाण्याखालीच. मग रोज सुकायची सवय असलेला हा पट्टा कुठून येईल? उघडं पडलंय ते काठाचं नाही, तळाचं आहे. तिचं म्हणणं रास्त होतं. बाईंनी टॅबवर पट्ट्याचा मुखवटा आखला, तेवढा भाग पुन्हा काढायला दिला, आणि त्या जागी खडकाला चिकटून आडवं पडलेलं, निथळणारं शेवाळ आलं. तिवराची श्वसनमुळं त्याच कारणानं चिखलाच्या मध्यातून काढून टाकली. ती फक्त काठाला राहिली.

मग सावल्या. आपल्याकडे सावली फिरते, म्हणून खडकाची कुठलीच बाजू कायमची उपाशी राहत नाही. तिथे तारा हलत नाही. मोठ्या खडकामागची पट्टी अनादि काळापासून सावलीत. तिथे काही उगवणार नाही. काठावरच्या एका मोठ्या धोंड्यापाशी आम्ही हे जवळून दाखवलं : आपल्याकडची बाजू काळपट वाढीनं पूर्ण माखलेली, आणि त्याच्यामागे ग्रहाच्या दिशेनं लांब गेलेल्या सावलीच्या आत उघडी, फिकट, गार जमीन, तिच्या दोन्ही कडांना वाढ अगदी रेघ मारल्यासारखी थांबलेली. हे मॉडेलनं स्वतःहून कधीच दिलं नसतं, कारण असं जगात कुठेही नाही. बाईंनी ती रेघ हातानं आखली, यंत्रानं पोत भरला. पूर्ण पडद्यातला माझा आवडता हात दोन हात जागेचा तुकडा तो.

दोन नकार

मुलांना सड्यावर कातळशिल्पं हवी होती. आपल्या जिल्ह्यात कुडोपीला आहेत, रत्नागिरीत तर पुष्कळ ठिकाणी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. दिसायला विलक्षण, आणि परक्या ग्रहावर शोभली असती. मी ठाम नकार दिला आणि सरांनी पाठिंबा दिला. ती इथल्या माणसांनी, इथल्या कातळावर, आपल्या हातांनी कोरलेली आहेत. ती परग्रहवासीयांनी काढली अशा बाता आधीच फिरत असतात. आपल्या पडद्यानं त्यात भर घालायची नाही. शिवाय यंत्राकडून आलेल्या खुणा कुठल्याच शिल्पाशी जुळत नव्हत्या, जगभरच्या गुहाचित्रांची खिचडी होती. सडा कोरा ठेवला.

दुसरा नकार चित्रकारांच्या नावांना. वर्णनात एखाद्या नामांकित चित्रकाराचं नाव घातलं की चित्र एकदम देखणं होतं ही युक्ती मुलांना माहीत होती. २०२२ मध्ये पोलंडच्या ग्रेग रुटकोव्स्की या चित्रकाराचं नाव लोकांनी असंच हजारो वर्णनांत वापरलं, आणि स्वतःचं नाव शोधल्यावर भलत्यांचीच चित्रं समोर येऊ लागल्याची तक्रार त्यांनी उघडपणे केली. ज्यानं आयुष्यभर हात घासून शैली कमावली त्याची परवानगी न घेता ती वापरणं मला मान्य नाही. आमच्याकडे बाईंचा हात होता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं : छायाचित्र, आराखडा आणि रंग शाळेचे; चित्र एआयच्या मदतीनं.

पडदा उभा करताना

२० बाय १२ म्हणजे पाच बाय तीन, आणि १२८० बाय ७६८ ठिपक्यांचं चित्र बरोबर त्या प्रमाणात बसतं. पण २० फुटांवर ते ताणलं तर इंचाला जेमतेम पाच ठिपके. तुकड्यातुकड्यानं सहापट मोठं केलं, इंचाला ३२ झाले. लांबून पाहायच्या पडद्याला तेवढे चालतात. मोठं करताना यंत्र प्रत्येक तुकड्यात नवे बारकावे घालू पाहतं. सड्याच्या रेषेवर त्यानं झाडीत लपलेली घरं काढून ठेवली होती, ती शोधून पुसावी लागली.

एफ ग्रह केवढा छापायचा यावर मोठा वाद झाला. चंद्राएवढा दिसायचा तर ३० फुटांवर बसलेल्या माणसासाठी पडद्यावर तो साडेतीन इंच रुंद हवा. दिग्दर्शन करणाऱ्या मुलाला दोन फूट हवा होता. सरांनी टेप काढून सभागृह मोजलं. शेवटची रांग ६० फुटांवर. तिथून चंद्राएवढा दिसायला सात इंच लागतात. सात इंच ठरला. मागच्या रांगेला हिशोब अचूक, पुढच्यांना त्याहून मोठा, आणि मुलगाही राजी झाला, कारण सगळ्या सावल्या त्या सात इंचांकडे धावतात आणि नजर आपोआप तिथे जाते.

तारा पाठीमागे, म्हणून मुख्य प्रकाशही प्रेक्षकांच्या पाठीमागून, डोक्यांच्या जरासा वरून टाकला. एकच हॅलोजन स्पॉट, त्यावर फिकट अंबर जिलेटिन. नटांच्या सावल्या लांब होऊन पडद्यात शिरल्या आणि छापलेल्या सावल्यांच्याच दिशेनं पडल्या. फ्लेक्स चकाकतो, त्यामुळे पडद्याची वरची बाजू थोडी पुढे झुकवली की चकाकी प्रेक्षकांच्या डोळ्यांऐवजी खाली फळ्यांवर जाते. बाईंनी पुठ्ठ्याचे तीन खडक करून पुढे ठेवले, समोरून काळपट, मागून फिके. मागची बाजू कुणाला दिसणार नव्हती, तरी त्यांनी रंगवली.

पहिल्या प्रवेशाचा पडदा असा झाला. दुसरा प्रवेश उघड्या सड्यावर घडतो आणि त्याचं काम आता सुरू आहे. तिथे प्रश्न वाऱ्याचा आहे. तापलेल्या बाजूची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला जमिनीलगत अंधाराच्या बाजूची गार हवा धावते, म्हणजे सीमेवरच्या पट्ट्यात वारा बहुतेक वेळ काळोखाकडून उजेडाकडे. सड्यावरची झुडपं ताऱ्याकडे झुकलेली हवीत. देवगडच्या सड्यावर पावसाळी वाऱ्यानं एका बाजूला कलून वाढलेली झुडपं आहेत, ती समुद्रापासून आत, पूर्वेकडे झुकतात. त्यांचा फोटो सूर्योदयाला काढायचा, पश्चिमेकडून, म्हणजे उगवता सूर्य आणि झाडांचा कल एका दिशेला येईल. फक्त त्या चौकटीत सूर्य समोर असेल, आणि यंत्र ते आनंदानं देईल. यावेळी एफ चौकटीत नसल्यामुळे ते चालणार आहे.